काउंटीचा मोसम आणि इंग्लंडचं बोलावणं: संघ आखतात कसे, अडकतात कुठे?

तिसरी_स्लिप

काउंटीच्या (इंग्लंडचे प्रांतिक संघ, आपल्या रणजी संघांसारखे) गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास येतं: "आमची चार पोरं इंग्लंडने नेली, नाहीतर यंदा आम्हीच होतो." नेली हे खरं. पण ती नेणार हे मार्चमध्येच ठाऊक असतं. मग काउंटीवाले त्याची तजवीज करतात कशी, आणि करूनही गाडी अडते कुठे, यावर नीट बोलायला हा धागा.

आधी २०२५ चं वेळापत्रक समोर ठेवू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. काउंटी चॅम्पियनशिप, म्हणजे चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा, ४ एप्रिलला सुरू. प्रत्येक संघाला १४ सामने. त्यातले ७ मेअखेर संपले. मग दोन सामने जूनच्या उत्तरार्धात, दोन जुलैअखेर, आणि उरलेले तीन सप्टेंबरमध्ये. मधल्या फटींत २९ मेपासून टी-२० ब्लास्ट (काउंट्यांची टी-२० स्पर्धा) आणि ऑगस्टमध्ये द हंड्रेड (शंभर-शंभर चेंडूंची, शहरांच्या संघांची स्पर्धा), त्याच वेळी काउंट्यांचा वनडे कप.

आता यावर इंग्लंडचं वेळापत्रक ठेवा. २२ मे झिम्बाब्वे कसोटी. २९ मे ते १० जून वेस्ट इंडिज, तीन वनडे आणि तीन टी-२०. भारताविरुद्ध कसोटी २० जून, २ जुलै, १० जुलै, २३ जुलै, ३१ जुलै. उन्हाळ्याच्या मधल्या चारही काउंटी फेऱ्या बघा: २२ जून (लीड्स कसोटी चालू), २९ जून (बर्मिंगहॅमसाठी संघ जमलेला), २२ जुलै (मँचेस्टर), २९ जुलै (ओव्हल). चारही कसोटीखाली. म्हणजे कसोटी संघात पक्का असलेला माणूस मधल्या चारपैकी एकही सामना काउंटीकडून खेळणार नाही, हे कॅलेंडर छापून आलं त्याच दिवशी ठरलेलं.

माझं म्हणणं एवढंच की पक्का गेलेला खेळाडू काउंटीला बुडवत नाही. बुडवतो तो "कदाचित असेल, कदाचित नसेल" वाला. पटत नसेल तर या मैदानात.

गलीत_झेल

धागा आवडला. पहिला मुद्दा करारांचा, कारण निम्मा गोंधळ तिथे होतो.

इंग्लंडचे केंद्रीय करार २००० साली आले. त्याआधी खेळाडू काउंटीचा नोकर, कसोटीपुरता उसना. कसोटी संपली की दुसऱ्या दिवशी काउंटीसाठी २५ षटकं टाकायला हजर. केंद्रीय करारानंतर उलटं झालं: पगार मंडळाचा, त्यामुळे कधी खेळायचं, किती षटकं टाकायची, विश्रांती कधी, हे सगळं मंडळ सांगणार. काउंटीचा प्रशिक्षक विनंती करू शकतो, हुकूम नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून हे करार दोन-तीन वर्षांचेही होऊ लागले (रूट, ब्रूक, वुड यांना तेव्हा तीन वर्षांचे मिळाले), तेव्हा हे नातं अजून पक्कं झालं.

म्हणून आखणी करताना खेळाडूंच्या तीन गठ्ठ्या करायच्या. एक, केंद्रीय करारवाले. दोन, काठावरचे: १५-१६ जणांत नाव येतं, अकरात येईलच असं नाही, किंवा लायन्सकडे (इंग्लंडचा 'अ' संघ) जातात. तीन, परदेशी खेळाडू, ज्यांना त्यांचा देश बोलावतो. लोक पहिल्या गठ्ठीवर रडतात. खरा ताप दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठीचा. तिसरी_स्लिप यांच्याशी सहमत.

सिली_पॉइंट

अडाणी प्रश्न विचारतो. खेळणारच नसेल तर काउंटीने रूट किंवा स्टोक्सला नावापुरतं तरी का ठेवायचं?

गलीत_झेल

@सिली_पॉइंट, प्रश्न अडाणी नाही. ठेवायला खर्च जवळजवळ नाही, पगार मंडळ देतं. आणि एप्रिल-मे असतोच. २०२४ मध्ये रूट आणि ब्रूक दोघंही मोसमाच्या सुरुवातीला यॉर्कशायरकडून खेळले, ब्रूकने त्या वर्षी आयपीएल सोडलं होतं. त्याच मोसमात यॉर्कशायर चॅम्पियनशिपच्या दोन श्रेणींपैकी वरच्या श्रेणीत आलं. १४ पैकी चार-पाच सामने असे दोन फलंदाज फुकट मिळत असतील तर कोण सोडेल?

फक्त अट अशी की ते मिळाले तर वरकड कमाई समजायची. घर त्यावर चालवायचं नाही.

लॉफबरोकर

फलंदाजांचं निभावतं. खरा हिशेब वेगवान गोलंदाजांचा. कागद-पेन्सिल घ्या.

एका चार दिवसांच्या सामन्यात तुमच्या संघाला दोन डावांत मिळून १७० षटकं टाकावी लागतात असं धरा (दिवसाला ९६ षटकं असतात, त्यातली निम्म्याहून थोडी कमी तुमच्या वाट्याला). एप्रिलच्या ओल्या खेळपट्टीवर फिरकीला त्यातली ३०-३५. उरली १३५ ते १४०. चार वेगवान गोलंदाजांत वाटली तर माणशी ३४-३५. हा सामना शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी संपतो आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा. आठ आठवड्यांत असे सात. एकाच गोलंदाजाने सातही खेळायचे म्हटलं तर २४० षटकं. तिसऱ्या सलग सामन्यानंतर पाठ, साइड स्ट्रेन, हॅमस्ट्रिंग, काहीतरी बोलायला लागतंच.

म्हणून प्रत्येकाला सातपैकी पाचच खेळवायचे. सात सामने गुणिले चार म्हणजे २८ जागा, भागिले पाच: साडेपाचच्या वर, म्हणजे सहा धडधाकट गोलंदाज हवे. पण सहाचे सहा धडधाकट कुठल्याच काउंटीत मेमध्ये नसतात. एक-दोन तरी फिजिओच्या खोलीत. झाले आठ. आणि यातला एक इंग्लंडच्या काठावर असेल तर त्याला या आठात धरायचं नाही. त्याला धरलं की आखणी कोसळलीच म्हणून समजा.

आता "काठावरचा" का महाग पडतो ते बघा. समजा तो कसोटीच्या चमूत आहे पण अकरात नाही. दहा दिवस तो संघाबरोबर फिरतो, नेटमध्ये टाकतो, पाणी नेतो. मग सुटतो आणि काउंटीकडे येतो. तोवर त्याचं सामन्यातलं काम शून्य झालेलं असतं. त्याला लगेच ३५ षटकं टाकायला लावली तर शरीरावरचा भार एकदम उडी मारतो, आणि दुखापती नेमक्या या उडीतच होतात. त्यामुळे मंडळाकडून मर्यादा येते: दिवसाला इतकीच, एका हप्त्यात इतकीच. म्हणजे कप्तानाकडे नावाला चार वेगवान, प्रत्यक्षात साडेतीन. उरलेला अर्धा भार बाकीच्या तिघांवर, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतला एक लंगडतो.

आर्चरचं २०२५ मधलं पुनरागमन याच चालीचं. २२ जूनला ससेक्सकडून डरहमविरुद्ध तो उतरला, चार वर्षांनंतरचा पहिला प्रथम श्रेणी सामना. पहिल्या डावात १८ षटकं, ३२ धावांत १ बळी. १० जुलैला लॉर्ड्सवर कसोटी. ससेक्सच्या दृष्टीने तो सामना म्हणजे इंग्लंडची तयारी, जी त्यांच्या मैदानातल्या अकरांतली एक जागा घेऊन झाली. चूक नाही कुणाची. पण जागा गेली.

नाईटवॉचमन

+१ वरच्या हिशेबाला. मी तिसऱ्या गठ्ठीवर लिहितो.

चॅम्पियनशिपमध्ये एका सामन्यात दोन परदेशी खेळवता येतात. पूर्वी कोलपाक नावाची पळवाट होती. त्यातून आलेला दक्षिण आफ्रिकी खेळाडू परदेशी मोजला जात नसे आणि कोलपाक असेतोवर देशाकडून खेळत नसे. काउंटीसाठी सोन्याहून पिवळं, कारण बोलावणं येण्याची भीतीच नाही. कायल अॅबट हॅम्पशायरला, सायमन हार्मर एसेक्सला. २०२० अखेर ब्रेक्झिटबरोबर ती सोय संपली. हार्मर परदेशी खेळाडू झाला, देशासाठी मोकळा झाला, आणि २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिका इंग्लंडमध्ये आली तेव्हा मँचेस्टर कसोटीत समोरून खेळला. एसेक्सचा मुख्य फिरकीपटू मोसमाच्या मध्यात पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये! (२०२५ च्या नोव्हेंबरात त्याने भारतात काय केलं ते आठवायची इच्छा नाही. दोन कसोटींत १७ बळी.)

आता चांगल्या आखणीचा नमुना: नॉटिंगहॅमशायर २०२५. परदेशी जागा त्यांनी एका माणसाला वर्षभर दिलीच नाही, तुकड्या केल्या. सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा फर्गस ओ'नील, नंतर पाकिस्तानचा मोहम्मद अब्बास. दोघांचीही जात एकच: वेग बेताचा, टप्पा अचूक, ड्यूक (इंग्लंडमध्ये वापरतात तो) चेंडू हलवणारे. एक गेला तरी गोलंदाजीची घडी तीच राहते. यष्टीमागे कायल व्हेरेन. तो दक्षिण आफ्रिकेचा कसोटी कीपर, त्यामुळे जूनमधली जागतिक कसोटी अजिंक्यपदाची फायनल आणि लगेच झिम्बाब्वे दौरा, दोन्ही आधीपासून दिसत होतं. १४ जूनला लॉर्ड्सवर विजयी धाव त्यानेच काढली, आणि २२ जूनच्या यॉर्कशायर सामन्याला त्याच्या जागी ईशान किशन ग्लोव्ह्ज घालून उभा. करार दोनच सामन्यांचा. पदार्पणात ८७.

बघा, कीपर गेला तर कीपरच आणला, तोही मधल्या फळीत फलंदाजी करणारा. नाव मोठं म्हणून सलामीवीर आणला असता तर कीपिंगला कुणाला तरी ओढावं लागलं असतं आणि दोन ठिकाणी ठिगळ लागलं असतं.

बोरीबंदर_एंड

आपल्याकडच्या मंडळींनीही काउंट्यांना चांगलंच पळवलंय हो! तीन उदाहरणं, तिन्ही महाराष्ट्राची.

अजिंक्य रहाणे, २०२३. जानेवारीत लेस्टरशायरने करार केला तेव्हा तो भारतीय संघाबाहेर होता, म्हणूनच केला. मग आयपीएल चांगली गेली, जूनमधल्या ओव्हलच्या जागतिक कसोटी फायनलसाठी बोलावणं आलं, तिथून वेस्ट इंडिज दौऱ्यावर उपकर्णधार. शेवटी त्याने विश्रांती मागितली आणि लेस्टरने पीटर हँड्सकोम्बला घेतलं. रहाणे तिथे खेळला तो २०२४ मध्ये.

शार्दूल ठाकूर, २०२५. आयपीएल लिलावात कुणी घेतला नाही म्हणून एसेक्सशी एप्रिल-मेच्या सात सामन्यांचा करार. मार्चच्या उत्तरार्धात लखनौला मोहसिन खानच्या जागी माणूस हवा झाला आणि पालघर एक्सप्रेस एसेक्सच्या चेम्सफर्डऐवजी लखनौला लागली.

ऋतुराज गायकवाड, २०२५. यॉर्कशायर, पाच चॅम्पियनशिप सामने आणि वनडे कप. २२ जुलैला स्कारबरोला सरेविरुद्ध पहिला सामना, आणि तीन-चार दिवस आधी वैयक्तिक कारणाने माघार. इमाम-उल-हकला आणलं.

तिसरी_स्लिप

@बोरीबंदर_एंड, ऋतुराजचं बोलावणं नव्हतं आणि शार्दूलला देशाने नेलं नाही, आयपीएलने नेलं. धाग्याच्या काटेकोर विषयात फक्त रहाणे बसतो. पण आखणीच्या बाजूने तिघांचा धडा एकच म्हणून चालवून घेऊ: जो खेळाडू "सध्या संघाबाहेर आहे म्हणून मिळतोय" तो चांगला खेळला की मिळणार नाही.

आणि बदली खेळाडू चार दिवसांत आणणं म्हणजे काय असतं? त्याच्या मंडळाचं ना हरकत पत्र, इंग्लंड मंडळाची शिफारस, खेळाडूंचा व्हिसा, मग विमान. यातलं एकही पान उशिरा हललं तर पहिला सामना गेला. म्हणून शहाण्या काउंट्या दोन-तीन नावांशी आधीच बोलून ठेवतात, कागद अर्धे तयार ठेवतात. २०२२ मध्ये ट्रॅव्हिस हेड ऑस्ट्रेलियाच्या कामामुळे आणि घरच्या कारणाने येणार नाही म्हटल्यावर ससेक्सने पुजाराला घेतलं. पुजाराने ८ सामन्यांत १,०९४ धावा ठोकल्या. बदली म्हणून आलेला माणूस! मधेच जुलैत भारताने त्याला बर्मिंगहॅम कसोटीला परत नेलं, हेही आहेच.

सिली_पॉइंट

चालू सामन्यातून खेळाडू उचलून नेला तर? दहा जणांनी खेळायचं?

लॉफबरोकर

नाही. चॅम्पियनशिपच्या नियमात त्याची सोय आहे. इंग्लंडने बोलावलं किंवा इंग्लंडकडून सुटला, दोन्ही वेळी सामन्याच्या मध्यात बदली करता येते, आणि बदली आलेला नुसता क्षेत्ररक्षणापुरता नसतो, तो पूर्ण खेळाडू: बॅटिंग, बोलिंग, सगळं.

म्हणून कसोटीच्या सकाळी एक गंमत चालते. नाणेफेक १०.३० ला. अकरा जाहीर झाले की बाहेर राहिलेले एक-दोन मोकळे. कसोटी लीड्सला आणि काउंटी सामना नॉटिंगहॅमला असेल तर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, किटबॅग गाडीत टाकली की दुपारच्या सत्रात मैदानावर. तोवर त्याच्या नावाच्या जागेवर दुसऱ्या फळीतला पोरगा खेळत असतो. त्या पोराने सकाळी सात षटकं टाकलेली असतात, चांगली पडत असतात, आणि उपाहारानंतर तो बूट काढतो. उलटही होतं: कसोटी कार्डिफ-लंडनकडे आणि काउंटी डरहमला असेल तर सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशीच मिळतो. तेव्हा आणायचा की नाही, हे प्रशिक्षकाला आदल्या रात्रीच ठरवून ठेवावं लागतं.

याचा कळस जुलै २०२१. पाकिस्तानविरुद्धच्या वनडेच्या तोंडावर इंग्लंडच्या ताफ्यात सात जण कोविड पॉझिटिव्ह, अख्खा संघ विलगीकरणात. ६ जुलैला नवा १८ जणांचा चमू जाहीर, ८ जुलैला कार्डिफला पहिला सामना. त्या वेळी चॅम्पियनशिपची फेरी चालू होती! माणसं चालू सामन्यांतून उचलली. स्टोक्स कर्णधार, नऊ जण देशासाठी कधीच वनडे न खेळलेले. मालिका ३-० जिंकले, साकिब महमूदचे कार्डिफला ४२ धावांत ४, विन्सचं एजबॅस्टनला शतक. इंग्लंडच्या राखीव फळीचं सगळ्यांनी कौतुक केलं. ती फळी काउंट्यांच्या अकरांतून उपसलेली होती, एवढंच सांगायचं राहिलं.

बोरीबंदर_एंड

आपल्या रणजीत निराळं दुखणं. माणसं जातात त्याचं काही नाही, परत येतात तेव्हा पंचाईत. जानेवारी २०२५, बीकेसी, मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर. रोहित, यशस्वी, श्रेयस, शिवम दुबे, शार्दूल, सगळे एकदम हजर. आयुष म्हात्रे बाहेर बसला, जो मोसमभर सलामीला खेळत होता. मुंबई ५ विकेट्सनी हरली. दुसऱ्या डावात शार्दूलने ११९ काढल्या म्हणून हरायला तरी वेळ लागला.

गलीत_झेल

अगदी हेच! परत येणाऱ्याला सामावणं हे जाणाऱ्याची जागा भरण्यापेक्षा अवघड.

सरेचं बघा. बेन फोक्स इंग्लंडचा कसोटी कीपर होता तेव्हा सरेत जेमी स्मिथ कीपिंग करून तयार झाला. २०२४ मध्ये इंग्लंडने फोक्सला वगळून स्मिथला घेतलं, आणि फोक्स सरेचा पूर्णवेळ कीपर झाला. दोघंही मोकळे असले तर स्मिथ फलंदाज म्हणून खेळतो, ग्लोव्ह्ज फोक्सकडे. ही मांडणी जुळते कारण स्मिथ नुसत्या फलंदाजीवर खेळण्याइतका चांगला आहे. सगळ्यांकडे असं नसतं.

उलटं टोक शोएब बशीर. २०२४-२५ मध्ये तो इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा फिरकीपटू होता, पण त्याच्या तेव्हाच्या काउंटीत, सॉमरसेटमध्ये, जॅक लीच पहिला, आणि एप्रिलमध्ये दोन फिरकीपटू त्यांच्या टाँटन मैदानालाही जड होतात. म्हणून बशीर उसनवारीवर: २०२४ मध्ये वूस्टरशायर, २०२५ च्या सुरुवातीला ग्लॅमॉर्गन. देशाचा फिरकीपटू स्वतःच्या काउंटीत राखीव! वूस्टरकडून खेळताना ओव्हलवर डॅन लॉरेन्सने त्याच्या एका षटकात ३८ काढल्या, तेही नोंदवून ठेवतो.

उसनवारी करताना एक कलम विसरायचं नसतं: परत बोलावण्याचं. दोन आठवड्यांसाठी माणूस दिला आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याच तिघांना इंग्लंडने नेलं, तर तो परत मागता आला पाहिजे. घेणाऱ्या काउंटीला ते कलम नको असतं, साहजिकच.

नाईटवॉचमन

कर्णधारपदावर कुणी बोललं नाही. २०२५ ची यादी काढा: सरे रोरी बर्न्स, नॉट्स (नॉटिंगहॅमशायर) हसीब हमीद, एसेक्स टॉम वेस्टली, डरहम अॅलेक्स लीस. एक तर इंग्लंडकडून खेळून झालेले, नाहीतर कधी न खेळलेले. हा योगायोग नाही. कर्णधार १४ च्या १४ सामने हजर हवा. क्षेत्ररचना, गोलंदाज कधी बदलायचा, पोरांना कधी झापायचं, हे दर तिसऱ्या सामन्याला नव्या माणसाकडे देऊन चालत नाही.

कर्णधार असा निवडायचा की जो चांगला आहे पण निवड समितीच्या डोळ्यांपुढून गेलाय. ऐकायला क्रूर आहे.

सिली_पॉइंट

पण लियम डॉसन? तोही "गेलेला"च होता ना?

नाईटवॉचमन

मान्य, सणसणीत अपवाद. २०१७ नंतर एकही कसोटी नाही, वय ३५, हॅम्पशायरने त्याला तिन्ही प्रकारांत गृहीत धरलेलं. जुलै २०२५ ला लॉर्ड्सवर बशीरचं बोट मोडलं आणि १५ जुलैला डॉसनचं नाव आलं. आठ वर्षांनी! २२ जुलैच्या फेरीला हॅम्पशायरचा फिरकीपटू आणि मधल्या फळीतला फलंदाज एका फोनवर गेला. अष्टपैलू जातो तेव्हा एक जागा रिकामी होते पण कामं दोन अडतात. फलंदाज घेतला तर २० षटकं कोण टाकणार, फिरकीपटू घेतला तर शेपूट सातव्या क्रमांकापासून.

तिसरी_स्लिप

आता आखणीच्या तक्त्याबद्दल लिहितो: कुठल्या सामन्याला कोण मिळणार, याचा तक्ता. कुणालाही घरी करता येईल, पुढच्या मोसमाआधी आपापल्या काउंटीचा करून बघा.

उभ्या ओळी १४ सामन्यांच्या, तारखांसकट. आडव्या ओळी खेळाडूंच्या, २२-२४ जण. प्रत्येक चौकटीत हिरवा (मिळणार), तांबडा (नाही मिळणार) किंवा पिवळा (कदाचित). कसोटी, वनडे, टी-२०, लायन्स, आयपीएल, परदेशी खेळाडूंचे देशी दौरे, सगळ्या तारखा वर टाकायच्या. कसोटी सुरू होण्याच्या तीन दिवस आधीपासून तांबडं, कारण संघ जमतो तेव्हापासून माणूस गेला.

लायन्स विसरू नका. २०२५ मध्ये भारत अ विरुद्ध त्यांचे सामने ३० मेला कँटरबरी आणि ६ जूनला नॉर्दम्प्टनला होते, वर वेस्ट इंडिज वनडे. म्हणजे ब्लास्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत दोन दोन टोळ्या बाहेर. आणि आयपीएलची तारीख कधीच पक्की धरायची नाही: २०२५ ला मेमध्ये स्पर्धा आठवडाभर थांबली, फायनल २५ मेवरून ३ जूनला गेली. मेअखेरच्या चौकटीत हिरवा रंग भरून बसलेल्यांचे वांधे. वॉरविकशायरचा जेकब बेथेल आयपीएलमधून थेट इंग्लंडच्या वनडेला, मग कसोटीच्या चमूत बाकावर. प्रथम श्रेणीचं क्रिकेट हाताच्या बोटांवर, काउंटीलाही नाही आणि त्यालाही नाही.

भरून झालं की पिवळ्या चौकटी मोजा. आणि गोलंदाजाचा पिवळा म्हणजे शून्य धरा. अर्धा धरायचा मोह होतो. अर्धा गोलंदाज कुठल्याच सामन्यात खेळत नाही. फलंदाजाचा पिवळा अर्धा धरला तरी चालतं, कारण राखीव फलंदाज काउंटीच्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून खेळून लयीत असतो आणि त्याच्या शरीरावर भाराचा प्रश्न नाही.

मग ज्या उभ्या ओळीत हिरवे वेगवान चारपेक्षा कमी, तो सामना वेगळा काढायचा. घरचा असेल तर खेळपट्टी पाटा ठेवायची आणि बरोबरीकडे खेळायचं. विजयाचे १६ गुण, बरोबरीचे २०२४ पासून ८ (२०२३ ला ५ होते). त्यात पहिल्या ११० षटकांतले बोनस: २५० धावांना पहिला, ४५० ला पाचवा, गोलंदाजीचे तीन. अपुऱ्या गोलंदाजीने हिरवी खेळपट्टी करून जुगार खेळण्यापेक्षा ८ अधिक ४ किंवा ५ घरी नेणं परवडतं. ५ गुणांच्या काळात हा हिशेब जुळत नव्हता.

लॉफबरोकर

तक्त्याशी सहमत, पण पाटा खेळपट्टीचा सल्ला जपून. पाट्यावर गोलंदाज कमी असले तर तेच तिघं-चौघं दीडशे षटकं टाकून पुढच्या सामन्याला मेलेले असतात. २०२५ च्या जूनअखेरीस ओव्हलवर कुकाबुरा चेंडूने सरेने डरहमविरुद्ध ९ बाद ८२० केल्या, सिब्लीच्या ३०५. डरहमचे स्टोक्स आणि कार्स इंग्लंडकडे, वुड गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरतोय. जे उरले त्यांनी टाकलं. त्या षटकांचं बिल जुलैत येतं.

सिली_पॉइंट

डरहम त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलं. म्हणजे बोलावण्यानेच ना?

लॉफबरोकर

एवढं सरळ नाही. वुड मोसमभर दुखापतीत, त्याला इंग्लंडनेही नेलं नव्हतं. स्टोक्स काउंटीकडून तसाही फारसा दिसत नाही. काउंटीच्या तक्त्यात या दोघांच्या ओळी आधीपासून तांबड्याच असणार. शिवाय वूस्टरशायरही खाली गेलं, त्यांच्याकडून तर कसोटीला कुणी नेलं नव्हतं. आणि वर आले लेस्टरशायर नि ग्लॅमॉर्गन. लेस्टरचा रेहान अहमद कसोटी संघात नव्हता, तो वरच्या फळीत येऊन शतकं ठोकत होता. त्याला कसोटीला बोलावलं असतं तर काय झालं असतं, यावर वेगळा धागा काढा.

गलीत_झेल

सप्टेंबर राहिलाच. विजेतेपद तिथे ठरतं आणि तेव्हाही इंग्लंड खेळतच असतं. २०२५ ला १५ सप्टेंबरच्या फेरीत ओव्हलवर सरे विरुद्ध नॉट्स, पहिला विरुद्ध दुसरा. सरेचा विल जॅक्स इंग्लंडच्या टी-२० चमूत, आयर्लंडसाठी. नॉट्सचा जॉश टंग उन्हाळ्यात चार कसोटी खेळून आलेला, पण टी-२० च्या यादीत नाही, म्हणून मोकळा. नॉट्स २० धावांनी जिंकलं. पुढच्या आठवड्यात वॉरविकशायरविरुद्ध विजेतेपद, २०१० नंतरचं पहिलं. सरेची सलग तीनची मालिका तुटली.

२० धावा म्हणजे एक जॅक्स होय की नाही, यावर सरेवाले अजून भांडतायत.

बोरीबंदर_एंड

आणि ऑगस्टचं काय? हंड्रेडला तर प्रत्येक काउंटीची माणसं जातात. सरेची डझनभर.

तिसरी_स्लिप

ते बोलावणं नव्हे, ती सरळ सुट्टी. तारखा वर्षभर आधी पक्क्या, कोण जाणार तेही बहुतेक ठरलेलं, आणि त्या काळात चॅम्पियनशिप नसते. वनडे कपला १८-१९ वर्षांची पोरं उतरतात, त्यातलाच एखादा सप्टेंबरमध्ये तक्त्यातली पिवळी चौकट भरतो. त्यामुळे मला विचाराल तर ऑगस्टमधला वनडे कप तिकीट काढून बघावा. टाँटन किंवा स्कारबरोला गेलात तर दुसऱ्या फळीतले वेगवान कोण आहेत आणि दुपारनंतरच्या तिसऱ्या स्पेलमध्ये त्यांचा टप्पा किती आखूड पडतो, एवढं नक्की लिहून आणा. इथे टाका.